पुणतांब्याला जायचंय

तिसगाव
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय दिपाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? आपण वर्गात एका बाकावर बसायचो तेव्हा तू म्हणायचीस, निकी, तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे. अजून तसंच आहे.

फोन का नाही केला, असं वाटेल तुला. माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे, नंबर फक्त आई-अण्णांना माहीत. तो वाजला की अजून मी आधी दाराची कडी बघते. पत्र वाजत नाही. हवं तेव्हा उघडता येतं, नको तेव्हा पिशवीत ठेवता येतं. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. उत्तर अण्णांकडे पुणतांब्याला पाठव, ते मला आणून देतील.

मला एक गोष्ट परवाच कळली. अण्णा भेटायला आले होते, बोलता बोलता म्हणाले, ‘‘दिपालीनं जबाब दिला म्हणून केस उभी राहिली.’’ पोलिसांपुढे तू आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध बोललीस आणि मला कुणी सांगितलंही नाही. आमच्या घरात रामहरीचं नाव निघालं की सगळे उठून कामाला लागतात, त्यामुळे असं झालं असेल.

तू जबाबात काय सांगितलंस मला माहीत नाही. लोक काय म्हणत होते ते मात्र पाठ आहे. ‘‘हात तरी लावला का त्यानं?’’ नाही लावला. कोपरगावच्या लॅबमधून मी सुटायची तेव्हा तो स्टँडवर असायचा. मी गाडी घेतली तर मागे त्याची गाडी. नंबर बदलला की नव्या नंबरवर त्याचाच मेसेज. आमच्या घरासमोरच्या लिंबाखाली उभा राहायचा, नुसता उभा. माझं लग्न ठरलं तेव्हा त्या मुलाला फोन करून म्हणाला, ती माझी आहे. लग्न मोडलं. हात नाही लावला, खरंच.

इथे मी एका रोपवाटिकेत काम करते. गोजरबाई म्हणून मालकीण आहेत, त्यांचे यजमान वारल्यावर त्यांनीच ती वाढवली. मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं. शेडनेटच्या आत बसलं की बाहेरचा रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. लॅबची नोकरी इथेही मिळाली असती, पण मला ही जाळी आवडली.

फक्त नदी नाही गं. वारा सुटला की तोंडात माती येते आणि मला घाटाच्या पायऱ्या आठवतात. पुणतांब्याला जावंसं वाटतं. घरी म्हणत नाही मी. नुसतं पुणतांब्याला.

तुझी,
निकिता


संगमनेर
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय निकी,

शिपायानं पाकीट वर्गात आणून दिलं. पाचवीची मुलं समोर होती. मी त्यांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीकडे तोंड करून वाचलं. मग एक मुलगी म्हणाली, बाई, तुम्ही रडता का? मी म्हटलं, खडू गेला डोळ्यात.

जबाबात मी एवढंच सांगितलं की मी त्याला लिंबाखाली उभं पाहिलं होतं, त्याला घरी ओढून आणलं होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला होता. खरं तेवढंच. पण आईला ते चाललं नाही. जबाब देऊन घरी गेले तर आईनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, ‘‘ज्या पोरीनं भावाला गजाआड घातलं तिचं हितं काय काम हाय?’’ तेव्हापासून मीही पुणतांब्याला गेले नाही. म्हणजे बघ, आपलं दोघींचंही गाव एकाच माणसानं बंद केलं.

नदीचं विचारशील म्हणून सांगते, पाहुण्यांकडून कळलं, पाणी बरं आहे यंदा. चांगदेवांच्या देवळाकडच्या वाटेवर आता दिवे लावलेत. आपण त्या वाटेनं भेळ खात जायचो ते कुणाला खरं वाटेल?

रामहरीचं तुला सांगायचं की नाही, मला कळत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. जामीन झाल्यावर त्याला नगरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई आहेत. औषधं सुरू आहेत, शिवाय त्या त्याच्याशी बोलतात. दर शनिवारी. हे वाचून तुला राग आला तर तो मला लिही, पोटात ठेवू नकोस.

अण्णा-काकूंना नमस्कार.

तुझीच,
दिपाली


तिसगाव
१० मार्च २०२४

प्रिय दिपाली,

राग आला. तू लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

त्याला डॉक्टर मिळाला. त्याला कुणीतरी शनिवारी नेतं, आणतं, शेजारी बसतं. मला काय मिळालं? एक जाळी मिळाली. मी इथे कुणालाही माझं गाव सांगत नाही. बाजारात गेले की आधी परत यायची वाट बघून ठेवते. बसमध्ये शेवटच्या सीटवर बसते, म्हणजे मागे कुणी नको. पाठीमागे मोटारसायकल हळू झाली की मी रस्ता सोडून बाजूला होते, आणि ती दुकानासमोर थांबलेली असते, बाकी काही नसतं.

परवा रोपं न्यायला एक शेतकरी आला. बिचारा चांगला माणूस. म्हणाला, ‘‘ताई, तुमी परवा पाथर्डीच्या बाजारात हुता ना? मी पाहिलं तुमाला.’’ बस्स. मी ट्रे तिथेच ठेवला आणि आत जाऊन बसले. गोजरबाई आल्या. पाटावर बसल्या, शेंगा सोलायला लागल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘पोरी, तुझ्या मागं कोन लागलंय ते मला न्हाई म्हाईत. पन हितं माझ्या गेटातून मला इचारल्याबिगर कुत्रंबी आत येत न्हाई.’’ त्यानंतर मी त्यांना सगळं सांगितलं. आई सोडली तर पहिल्यांदाच कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी मधे एकदाही विचारलं नाही, की तू काय केलं होतंस.

आता गोजरबाईच शेजारच्या गावातल्या दवाखान्यात एका बाईंशी बोलायला घेऊन जाणार आहेत म्हणे मला. जाईन बहुतेक.

रागावले असले तरी विचारतेच. तो तिथे माझं नाव घेतो का? काय म्हणतो? आणि एक सांग, तुझ्या घरच्या तुळशीजवळ तू लावलेली जाई वाढली का? मला तुझं सासर कधी बघायलाच मिळालं नाही.

निकिता


संगमनेर
२८ मार्च २०२४

प्रिय निकी,

राग लिहिलास, बरं केलंस. तू गोजरबाईंबरोबर दवाखान्यात जा. नक्की जा.

जाई वेड्यासारखी वाढली आहे. हे म्हणतात तोडू या, मी तोडू देत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं, ‘‘ती तुला कधी हो म्हणाली होती का?’’ तो म्हणाला, ‘‘तोंडानं न्हाई.’’ ‘‘मग कशानं?’’ तर म्हणाला, ‘‘ताईच्या लग्नात तिनं मला पाण्याचा ग्लास दिला हुता. सगळ्यांना दिला, पन माझ्याकडं बघून दिला.’’

निकी, मी शेजारी बसले होते. एका पाण्याच्या ग्लासावर त्यानं केवढं घर बांधलं होतं, आणि त्या घरात तुला कोंडलं होतं.

दुसऱ्या एका शनिवारी बाईंनी त्याला खुर्चीवरून उठवून खिडकीपाशी उभं केलं. म्हणाल्या, ‘‘आता तू निकिता. खाली लिंबाजवळ रामहरी उभा आहे. काय करतेस?’’ तो म्हणाला, ‘‘पडदा ओढते.’’ ‘‘का ओढते?’’ तर म्हणाला, ‘‘लाजते.’’ पुढच्या शनिवारी बाईंनी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच उत्तर. येताना बसमध्ये मी वेगळ्या सीटवर बसले. त्या म्हणतात, वेळ लागेल, त्याला अजून तुझ्या जागी उभं राहताच येत नाही.

त्याला तुझी माफी मागायची आहे. बाईंनी सक्त मनाई केली आहे. म्हणाल्या, ‘‘माफी मागायला तिच्यापर्यंत पोचणं म्हणजे परत तिच्या मागं जाणंच झालं. तुझं मन हलकं करायची जबाबदारी तिची नाही.’’ काल रात्री जेवताना तो पुन्हा तेच बोलला तर मी ताटावरून उठले.

हे सगळं वाचून तुला जड होत असेल तर पुढच्या वेळी मी फक्त जाईचं लिहीन.

तुझी,
दिपाली


तिसगाव
६ एप्रिल २०२४

दिपाली,

काल रात्री जेवताना?

म्हणजे तो तुझ्या घरी राहतो. माझी पत्रं ज्या गावात येतात त्या गावात, तू जिथे दप्तर ठेवतेस त्या घरात. आणि तू मला जाईच्या गोष्टी सांगतेस.

तुझ्या लग्नात मी सगळ्यांनाच पाणी दिलं होतं. मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही त्या दिवशीचा.

यापुढे लिहू नकोस.

निकिता


संगमनेर
१५ एप्रिल २०२४

निकी,

लिहू नको म्हणालीस. हे एक लिहिते. पुढे तुझी मर्जी.

हो, तो माझ्याकडे राहतो. मी लपवलं, कारण तू लिहायची थांबशील अशी भीती वाटली; आणि थांबलीस. पण तुझी पत्रं या घरात कधी आली नाहीत, येणारही नाहीत. ती शाळेच्या कपाटात असतात, किल्ली मुख्याध्यापिकांकडे. अण्णांचा पत्ता त्याला पाठ आहे हे खरं, पण तू कुठे आहेस ते मी या घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तू वरती गावाचं नाव लिहितेस ते मी तिथल्या तिथे कापून टाकते. पहिल्या पत्रात वाचलं होतं, आता विसरायचा प्रयत्न करते.

त्याला घरी आणायची हौस नव्हती मला. हे तयार नव्हते, सासूबाई तर मुळीच नव्हत्या. पण आईकडे ठेवला असता तर तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहिला असता आणि डॉक्टरकडे कधीच गेला नसता. मागच्या रविवारी आई इथे आली होती, जबाबानंतर पहिल्यांदा. वाटलं, माझ्यासाठी आली. तर चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, ‘‘पोराला घेऊन जायला आले. येडं ठरवलंस त्याला. प्रेमच केलं ना? कोनाचा खून तर न्हाई केला?’’

मी म्हटलं, ‘‘आई, निकितानं गाव सोडलं. तिचं लग्न मोडलं. ते काय आहे मग?’’

‘‘तिला दुसरा मिळंल.’’

रामहरी आतल्या खोलीतून बाहेर आला. मला वाटलं, आईबरोबर जाईल. तो म्हणाला, ‘‘आई, मी न्हाई येत. तिथं आलो तर मी पुन्हा लिंबाखाली जाईन.’’ आई माझ्याकडे न बघताच निघून गेली. मी स्टँडपर्यंत तिच्या मागे गेले. तिनं बसमध्ये बसल्यावरसुद्धा खिडकीतून तोंड वळवलं नाही.

हे मी तुला त्याच्या बाजूनं सांगत नाही. माझी आई गेली आणि माझी मैत्रीणही गेली, हे कुणाला तरी सांगायचं होतं. सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

केस मागे घे असं मी कधीही म्हणणार नाही. कुणी माझं नाव घेऊन म्हटलं तर खोटं समज. तारीख लागली की मीही येणार आहे साक्षीला.

दिपाली


तिसगाव
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय दिपाली,

एवढे महिने गेले, मी उत्तर दिलं नाही. तुझं पत्र मात्र ठेवलं आहे. गावाचं नाव आता कापू नकोस. कागदात भोकं पडतात.

राहात्याच्या कोर्टात तू मला शोधत होतीस. मी बघितलं. सगळं झाल्यावर तू पायऱ्यांवर थांबलीस आणि मी अण्णांचा हात धरून मागच्या दारानं निघून गेले. तुला वाटलं असेल, अजून रागात आहे. तसं नाही. ते काय होतं ते सांगायलाच हे पत्र.

माझी साक्ष आधी झाली. त्याच्या वकिलांनी विचारलं, ‘‘त्यानं कधी धमकी दिली?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘अंगाला हात लावला?’’ नाही. ‘‘मग नेमकी तक्रार काय आहे?’’ दवाखान्यातल्या बाईंनी मला सांगितलं होतं, घाबरलीस तर पाय जमिनीवर दाबून धर आणि हळू बोल. मी पाय दाबले. म्हटलं, ‘‘साहेब, मला घराबाहेर पडताना भीती वाटते आणि घरात बसतानाही वाटते. मी माझ्या आईकडे राहू शकत नाही. हीच तक्रार आहे.’’ न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं गं.

मग तू उभी राहिलीस. ‘‘व्हय, मी त्याला लिंबाखाली पाहिलं,’’ असं म्हणालीस. शाळेत शिकवतेस, तरी कोर्टात घाबरून गावचं बोललीस. आणि दिपे, मी बाकाची कड धरली. तुझा आवाज, तुझं ते ‘व्हय’, ते शब्द ओढणं, अगदी त्याच्यासारखं. डोळे मिटले तर तोच बोलतोय असं वाटलं. तुम्ही एका घरात वाढलात, एकाच आईचं बोलणं ऐकलंत. यापूर्वी मला ते कधी जाणवलं नव्हतं. जिनं माझ्यासाठी सगळं गमावलं तिचाच आवाज मला सोसवेना. म्हणून मी मागच्या दारानं गेले.

निघण्याआधी त्याचंही ऐकलं मी, तूही ऐकलंस ना? वकील थांब म्हणत होते तरी उठून म्हणाला, ‘‘मीच केलं. मला वाटायचं ती लाजते म्हनून पडदा ओढते. ती घाबरत हुती.’’ सगळे त्याच्याकडे बघायला लागले, शाबासकी दिल्यासारखे. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. तीन वर्षं मी हेच सांगत होते. मी सांगितलं तेव्हा कुणी असं बघितलं नव्हतं.

तुझी आठवण येते. ज्या दिपालीचा आवाज मला नुसता दिपालीचा वाटायचा, तिची.

निकिता


संगमनेर
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय निकी,

तुझं पत्र वाचून मी आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं बोलून बघितलं. खरं आहे तुझं. आम्ही दोघं आईसारखंच बोलतो. आता वर्गात बोलतानाही मला ते ऐकू येतं. याचं मी काय करू, कळत नाही. आवाज कुठे बदलून मिळतो?

निकाल लागला. अण्णांनी सांगितलंच असेल. गुन्हा शाबित झाला. त्यानं कबूल केलं, आधीचा गुन्हा नाही, उपचार चालू आहेत, म्हणून तुरुंगाऐवजी हमीपत्रावर सोडलं. पुणतांब्याच्या हद्दीत यायचं नाही, तुला किंवा तुझ्या माणसांना कुठल्याही मार्गानं गाठायचं नाही, औषध-डॉक्टर चुकवायचा नाही. चुकला तर आत. तुला हे कमी वाटेल. मलाही कधी कमी वाटतं, कधी वाटतं पुरे. बहीण म्हणून आणि मैत्रीण म्हणून माझी दोन उत्तरं येतात.

तो आता एका वर्कशॉपमध्ये जातो. परवा डबा घेताना त्यानं विचारलं, ‘‘ताई, ती बरी हाय का?’’ मी म्हटलं, ‘‘रामहरी, ते तुला कधीच कळणार नाही. आयुष्यभर नाही. ते सोसायचं शीक.’’ तो उंबऱ्यात खाली बसला, लहान पोरासारखा रडला. मी जवळ गेले नाही. थोड्या वेळानं उठला, तोंड धुतलं, डबा घेतला आणि कामावर गेला. तेव्हापासून विचारलं नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला त्याला ओवाळू की नको, मला समजत नाही. आईनं अजून बोलावलेलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माहेरच्या फराळाशिवाय दिवाळी. शेजारणी विचारतात, कधी जायचं माहेरी? मी म्हणते, सुट्ट्या बघून.

तुझी,
दिपाली


तिसगाव
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय दिपे,

तो तुझा भाऊ आहे. ओवाळायचा तर ओवाळ, नाही तर नको. ते मला विचारू नकोस आणि नंतर सांगूही नकोस. त्याचं बरं-वाईट यापुढे मला काहीच नको. आपल्या पत्रांत त्यानं पुष्कळ जागा खाल्ली.

मी दिवाळीला पुणतांब्याला जाणार आहे. कायमची नाही, इथली रोपं मला आता सोडवत नाहीत आणि भीतीही पुरती गेलेली नाही. मागच्या आठवड्यात अण्णांबरोबर एक दिवस जाऊन आले. घाटावर एकटी जाते म्हटलं. देवळापाशी मागे पावलं वाजली आणि मी वळून बघितलं. धुणं घेऊन एक बाई येत होती. पुढे गेले, पुन्हा वळून बघितलं. नदीपर्यंत किती वेळा वळले असेन कुणास ठाऊक. पण पोचले. पाण्यात पाय घालून बसले आणि खूप रडले, पाणी गार होतं म्हणून नव्हे.

आईला तुझं सगळं सांगितलं. ती चकल्या करत होती. झाऱ्या तसाच हातात धरून म्हणाली, ‘‘दिपालीला लिही, मनकर्णाकाकूनं बोलावलंय. तिच्या आईचं, रतनबाईचं दार बंद असंल, आपलं न्हाई. पोरीला दिवाळीत माहेर लागतं.’’ तिनं तुझ्यासाठी चोळीचा खणसुद्धा काढून ठेवलाय, आता आली नाहीस तर ती मलाच बोलेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ये. एकटी ये. आम्ही दार उघडं ठेवू, पण तू सरळ आत येऊ नकोस. बाहेरून मला हाक मार, पूर्वी मारायचीस तशी, गल्लीला ऐकू जाईल अशी. तुझ्याच आवाजात, तुझ्या आईनं शिकवलेल्या. पहिल्या हाकेला मी दचकेन बहुतेक. बाहेर येणार नाही कदाचित.

तू माघारी जाऊ नकोस. पुन्हा हाक मार.

तुझी,
निकी